पुणे-दिल्ली विमानप्रवास: अंतर दीड तासाचं, मग तिकिटावर सव्वादोन तास का?

पुण्याचा लोहगाव विमानतळ ते दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे १,१५५ किमी, म्हणजे साधारण ६२५ नॉटिकल मैल. पडताळून पाहायचं असेल तर अक्षांशातला फरक जवळपास १० अंश, म्हणजे उत्तरेकडे १,११० किमी. रेखांशातला फरक ३.१८ अंश, त्या पट्ट्यात तो पूर्वेकडे ३२४ किमी भरतो. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा.

हे अंतर विमानाच्या ताशी ८३० किमी वेगाने भागलं तर जेमतेम दीड तास येतो, मग तिकिटावर जास्त वेळ का, असा प्रश्न पडतो. पण तिकिटावरची वेळ निव्वळ उड्डाणाची नसते. विमान पुण्यात जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दिल्लीत जागेवर उभं राहिलं की थांबतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात.

शिवाय ८३० चा वेग मधल्या टप्प्यातच मिळतो. १०,००० फुटांखाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीपर्यंतच ठेवावा लागतो. ३५,००० फुटांवरून उतरायची सुरुवात दिल्लीच्या जवळजवळ २०० किमी आधीच होते. खरी मिनिटं खातं ते दिल्लीचं उतरणं. तिथल्या धावपट्ट्या ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहेत आणि वारा पश्चिमेचा असला की विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. पुण्याहून येणारं विमान दक्षिणेकडून पोचतं, त्यामुळे त्याला आधी शहराच्या पूर्वेला जाऊन, रांगेत आपली जागा धरून, मग मागे वळावं लागतं. गर्दीच्या वेळी या वळशातच दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि उतरल्यावर टॅक्सीइंगला, म्हणजे धावपट्टीवरून थांबण्याच्या जागेपर्यंत जमिनीवरून जायला, तेवढीच. म्हणून कंपन्या वेळापत्रकात २ तास ५ ते २० मिनिटं धरतात. हवेतला वेळ बहुतेकदा पावणेदोन तासांच्या आसपास असतो.

वाऱ्याचा फरक या मार्गावर कमी पडतो, कारण दिशा जवळपास उत्तरच आहे आणि पश्चिमेचा वारा आडवा लागतो. पुणे-कोलकाता मार्गावर तो जाता-येता स्पष्ट जाणवतो.

डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळचं विमान जपून निवडा. दिल्लीत दाट धुकं असेल तर विमानाला पुण्यातच थांबवून ठेवतात. दिल्लीहून येणारं विमान अडकलं तर त्याचीच पुढची पुण्याहून दिल्लीची फेरीही लांबते. दुपारचं विमान बरं.

घरातून निघण्याची वेळ काढताना चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी आणि गेट सुमारे २५ मिनिटं आधी बंद होतं, असं धरून मागे मोजा. कोथरूडहून संध्याकाळी नगर रोडचा भरवसा धरू नका. वनाजहून मेट्रोने रामवाडी गाठा आणि तिथून रिक्षा करा.

तुम्हाला दिल्लीहून पुढे परदेशी जायचं असेल, तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) आहेत का ते आधी बघा. वेगवेगळी असतील तर बॅग ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागेल. पुण्याचं विमान टर्मिनल १ ला उतरत असेल, तर टर्मिनल ३ ला रस्त्याने जावं लागतं. अशा वेळी वेळापत्रकातल्या उतरण्याच्या वेळेनंतर किमान साडेचार तास हातात ठेवा, धुक्याच्या दिवसांत आदल्या रात्रीच पोचा.