आजोबांच्या डब्यातले डार्ट: आधी एवढंच बघा

आजोबांच्या डब्यात डार्ट, म्हणजे गोल फळीवर नेम धरून फेकायचे छोटे बाण, सापडले आणि ते किती जुने असतील असं तुम्ही विचारलंत. तीन जुने डार्ट, तेही पिसं शाबूत असलेले! नशीबवान आहात. पहिली विनंती: ब्रासो लावू नका. पितळेवरचा काळपटपणा आणि पुसट झालेली अक्षरं यांवरूनच वय कळतं. घासलीत की गेली. नवखे सगळ्यात जास्त नुकसान इथेच करतात.

मग मधला जाड भाग, म्हणजे बॅरल, भिंगाखाली बघा.

- पितळी बॅरल, मागे वेताची किंवा लाकडी दांडी: इंग्लंडच्या पबमधली जुनी घडण.
- बारीक तरी हाताला जड: टंगस्टन. हे १९७०च्या दशकात आले, त्यामुळे पणजोबांचे नसणार.
- अख्खा लाकडी, टर्की पक्ष्याची पिसं: घाई नको. अमेरिकेत असे डार्ट पुढेही बनत राहिले, लाकूड म्हणजे शंभर वर्षं जुनं असं नाही.

युनिकॉर्न या डार्ट बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं तर डार्ट १९३७च्या आधीचा नाही, कारण कंपनीच तेव्हा सुरू झाली.

तिन्ही डार्ट सोनाराच्या काट्यावर वेगवेगळे तोला. वजनं जुळली तर बहुतेक एकाच संचातले. डबा टाकू नका, त्यावरचा छाप फार कामाचा असतो. आणि आजी असतील तर आजच विचारा, आजोबा कुठे खेळायचे.

किंमत, दुरुस्ती हे सगळं नंतर. आधी फोटो काढा, बॅरलचा अगदी जवळून.