ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना संग्रहालयात काय काम असतं?

तुम्ही विचारलंय, एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) झालंय, पण ओढा संग्रहालयाकडे आहे. तर या शिक्षणाचा तिथे उपयोग होतो का, की पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो? मी ग्रंथालयातूनच संग्रहालयाच्या नोंदणी विभागात आले. उपयोग होतो, भरपूर होतो. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणारं दशांश वर्गीकरण मात्र विसरलात तरी चालेल.

पुस्तक आपली ओळख स्वतःच देतं. लेखक, प्रकाशक, साल, सगळं आत छापलेलं. शिवाय दुसऱ्या ग्रंथालयाने केलेली नोंद आयती मिळते. संग्रहालयात समोर येते एक पितळी डबी. तिच्यावर अक्षरही नसतं. माप, धातू, झिजलेला काठ, सैल बिजागरी, जे दिसेल ते आपणच लिहायचं. दाखल क्रमांक पडतो 2014.7.3, म्हणजे 2014 साली आलेल्या सातव्या संचातली तिसरी वस्तू. झाकण सुटं असेल तर डबीला पुढे अ, झाकणाला ब. तो ब राहून गेला, की प्रदर्शनाहून परतलेलं झाकण कुठल्या डबीचं यावर वाद घालत बसा. क्रमांक थेट धातूवर लिहीत नाहीत. आधी पॅरालॉइड बी-72 या रेझिनचा पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर. अ‍ॅसिटोनने तो काढता येतो. पानापानावर शिक्के मारलेल्या आपल्यासारख्यांना हा सोवळेपणा सुरुवातीला जाचतो.

आपलं पारडं खरं जड होतं ते नावांच्या बाबतीत. एल ग्रेको आणि दोमेनिकोस थियोतोकोपुलोस हा एकच चित्रकार. नोंदी दोन्ही नावांनी झाल्या, तर शोधणाऱ्याला अर्धीच चित्रं सापडणार. गेटी संस्थेची कलावंतांच्या नावांची यादी आणि कला-वास्तुकलेचा शब्दकोश नेमके याचसाठी आहेत. पुस्तकांना ठरलेल्या शब्दांतली विषयशीर्षकं लावलेल्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागत नाही. इतिहासाचे जाणकार सहकारी मात्र याला कारकुनी समजतात, तेवढी तयारी ठेवा.

मालकीच्या इतिहासाचा शोध हीसुद्धा आपलीच वाट. नाझींनी लुटलेल्या कलाकृतींबद्दल 1998 साली वॉशिंग्टन तत्त्वं ठरली, तेव्हापासून या कामाचं वजन वाढलंय. जुने लिलाव-कॅटलॉग, पावत्या, पत्रव्यवहार यांतून माग काढणं म्हणजे ग्रंथालयातली संदर्भसेवाच.

वस्तू हाताळणं मात्र प्रत्यक्षच शिकावं लागेल. संग्रहालयातल्या वस्तूंच्या नोंदी आणि व्यवस्थापनासाठी ब्रिटनमध्ये तयार झालेलं स्पेक्ट्रम हे मानक आधी वाचून काढा, आणि संग्रहालयाच्या जाहिरातीत ‘रजिस्ट्रार’ किंवा ‘डॉक्युमेंटेशन’ दिसलं की बेधडक अर्ज करा.