नस दबलीय, पण नेमकी कुठे?

प्रश्न : रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. मानेच्या एक्स-रेत मणक्यांची झीज दिसली. नस मानेतच दबली असेल ना?

उत्तर : बहुधा मनगटात. वय वाढलं की काहीही त्रास नसलेल्यांच्या मानेतही झीज दिसते आणि एक्स-रेत नस मुळात दिसतच नाही. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि एक नस जाते. झोपेत मनगट दुमडलं की दाब वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण यांत तो जास्त आढळतो.

घरी पाहा : दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं खाली ठेवून मनगटं १ मिनिट वाकवा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. नाही आल्या म्हणून सुटका झाली असं मात्र नाही. मान मागे करून त्याच बाजूला कलवल्यावर कळ हातात उतरत असेल, तर मग मानेकडे बघावं लागेल.

रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे ते दुमडू न देणारा आधारपट्टा लावा, निदान ६ आठवडे. इथे एक चूक हमखास होते. बरेच तयार स्प्लिंट मनगट मागे वाकलेलं ठेवतात आणि त्यानेही दाब वाढतो. आतली धातूची पट्टी काढून सरळ करा, मग परत घाला. वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसका दिसू लागला, तर स्प्लिंटवर वेळ काढू नका. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझ्या मुंग्या करंगळीत आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात आहेत.

उत्तर : ही नस वेगळी. ती कोपराच्या आतल्या हाडामागून जाते. कोपर टेबलावर टेकवणं आणि फोन कानाला लावून तासभर बोलणं बंद करा. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे ते पूर्ण दुमडणार नाही.

प्रश्न : कमरेतून पोटरीपर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते. ऑपरेशन टळेल का?

उत्तर : बहुतेकांचं टळतं. ६ ते १२ आठवड्यांत कळ ओसरते, बाहेर आलेला गादीचा भाग शरीर हळूहळू जिरवतं. अंथरुणाला खिळून राहू नका. झेपेल तेवढं थोडं थोडं चाला. कळ पायातून वर सरकत कमरेपुरती उरली, तर कंबर दुखत असली तरी ती सुधारणाच समजा.

रोज दहा पावलं टाचांवर, दहा चवड्यांवर चालून बघा. पाऊल उचलता येईना किंवा टाच वर होईना, तर लगेच दाखवा. लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत जा.

प्रश्न : दोन्ही तळपायांची सारखीच आग होते. मालिश केली तर नस मोकळी होईल?

उत्तर : दोन्हीकडे सारखीच, बोटांपासून वर चढणारी आग ही सहसा दबलेल्या नसेची नसते. मालिशवर पैसे घालवण्याआधी रक्तातली साखर आणि बी-१२ तपासून घ्या.