ती वजरी आधी फेकून द्या

«माझा मुलगा ११ वर्षांचा, वजन ५८ किलो. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचं पोर आहे, दृष्ट लावू नका. सोसायटीतल्या एक बाई अँटिऑक्सिडंटची पावडर विकतात, डबा २,४०० रुपयांना. त्यांच्या मते वजनामुळे शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो आणि पावडरीने तो धुऊन निघतो. नवरा म्हणतो, पैसे घालवू नकोस. रोज भांडणं. काय करू? मुलगा हल्ली खाली खेळायला जात नाही, अंघोळीलाही टाळाटाळ करतो. मानेवर एवढा मळ साचलाय की दर रविवारी वजरीने घासते, तरी निघत नाही. शाळेत कॉलर वर करून बसतो म्हणून बाईंची चिठ्ठी आली, ती वेगळीच.»
— एक आई, भांडुप

ताई, सासूबाई, नवरा, पावडर, सगळं वाचलं. पण मी त्या मानेपाशी थांबले ती पुढे सरकलेच नाही.

तो मळ नाही. मळ असता तर पहिल्याच रविवारी निघाला असता. मानेच्या मागे, घड्यांमध्ये कातडी काळपट आणि जाडसर झालीय, हाताला मखमलीसारखी लागते ना? काखेतही बघा. डॉक्टर याला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. वजन फार वाढलेल्या मुलांमध्ये बहुतेक वेळा ती खूण असते रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर पेशींपर्यंत पोचवणारं संप्रेरक, वाढल्याची. जादा इन्सुलिनमुळे त्वचेच्या पेशी भराभर वाढतात. जे आतून येतंय ते वरून घासून कसं जाईल? घासल्याने कातडी सोलवटते, आणखी काळी पडते.

आता बाईंची ती चिठ्ठी पुन्हा वाचा. मुंबईच्या उकाड्यात कॉलर वर करून बसणारं पोर मस्ती करत नाहीये, मान लपवतंय. खाली जात नाही तेही त्यामुळेच असणार, आणि अंघोळीला का टाळतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दर रविवारी त्याला सांगताय की तू घाणेरडा आहेस. ते तुमच्या मनात नसेल, पण त्याला तेच ऐकू येतंय. मला याचा फार राग आला, तो लपवत नाही.

पावडरवाल्या बाईंचं अर्धं खरं आहे. चरबीच्या पेशी फुगत गेल्या की त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, तिथे सूज धरते. गरजेपेक्षा जास्त इंधन आलं की पेशींमधून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू इतके निघतात की शरीराची स्वतःची यंत्रणा ते आवरू शकत नाही. हाच तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्यात पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतत राहतं, आणि ते मानेवर दिसायला लागतं. पण हे डब्यातल्या पावडरीने धुऊन निघत नाही. अँटिऑक्सिडंट म्हणजे असे रेणू शमवणारे पदार्थ, पण म्हणून ते निर्धोकच, असंही समजू नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला निघाला. तुमचा मुलगा त्या पुरुषांसारखा नाही हे खरं, पण वाढत्या अंगावर असले प्रयोग कशाला? त्यापेक्षा खेळणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणूनच त्याचं खाली खेळायला जाणं बंद झालंय हे मला जास्त टोचतं.

तेव्हा एकच करा. याच आठवड्यात त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. जवळपास कोणी नसेल तर भांडुपहून स्लो लोकल पकडा आणि परळला उतरा. तिथलं वाडिया हॉस्पिटल १९२९ पासून लहान मुलांचंच आहे. वजनाचं नंतर बोला, आधी मान दाखवा. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर, काय तपासायचं ते डॉक्टर ठरवतील. लिव्हरवरची चरबी मुलांमध्ये बहुधा काहीच त्रास न देता वाढत राहते, म्हणून 'त्याला कुठे काय होतंय' हे सासूबाईंचं वाक्य घरीच ठेवून जा. खाण्यापिण्याचं काय बदलायचं ते तिथेच विचारा. इन्सुलिन उतरलं की मानही हळूहळू उजळते, महिने लागतात.

आणि तिथे जायच्या आधी, आज रात्रीच, त्याच्याजवळ बसा. सांगा, 'तुझी मान मळलेली नव्हती रे, मलाच कळलं नाही.' येत्या रविवारी त्याची अंघोळ त्याची त्याला करू द्या.