जुनी कॅम्पर गाडी मध्येच डिझेल ओढेनाशी होते, थोड्या वेळानं आपोआप चालू लागते. पंप उतरवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2003 ची डिझेल मिनीबस, आत बेड आणि ओटा करून कॅम्पर केलेली. चढावर किंवा साठ-सत्तरच्या वेगाला झटके मारते, दम टाकते, बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं. डिझेल फिल्टर दोनदा बदलला. आता मेस्त्री म्हणतोय, पंप (इंजिनाला मोजून, दाबानं डिझेल देणारा मोठा पंप) उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवून घ्यायला देऊ.

नका देऊ. निदान आत्ताच नका. मी दिला होता आणि साडेबावीस हजार घालवले. पंपवाल्यानं काम चोख केलं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण गाडी आठव्या दिवशी तुळजापूरच्या घाटात तशीच उभी राहिली.

माझी गाडी तुमच्यापेक्षा म्हातारी, 1998 ची. आम्ही सोलापूरचे, विजापूर रोडला राहतो. दोघंच असतो, त्यामुळे शनिवार-रविवार भाकरी, शेंगाचटणी बांधून घ्यायची आणि निघायचं. पंप होऊनही गाडी थांबायला लागली तेव्हा मी आधी उन्हाला दोष दिला, मग घाटाला, मग पेट्रोल पंपावरच्या डिझेलला. बायको एके दिवशी म्हणाली, "अहो, ही जातानाच बंद पडते. येताना कधी पडलीय का?" मी म्हटलं, येताना घाट उतरायचा असतो. तर म्हणे, "मग भिगवणला कुठला आलाय घाट? जाताना टेंभुर्णीच्या अलीकडं दोनदा थांबलो, येताना सुसाट आलो."

त्यावर मी दोन दिवस विचार करत होतो. जाताना आणि येताना गाडीत फरक काय? सामान तेच, माणसं तीच. फरक पाण्याचा! चेसिसखाली मी 120 लिटरची पाण्याची टाकी बसवून घेतली होती. घरून निघताना ती काठोकाठ भरलेली, परतताना रिकामी. गाडीखाली सतरंजी टाकून आडवा झालो तर टाकीचा लोखंडी अँगल डिझेलच्या रबरी पाइपावर टेकलेला. रिकामी असताना नुसता टेकायचा. सव्वाशे किलोचं वजन आलं की पाइप चपटा. गावात आणि सपाटीवर हलक्या पायानं चालवताना तेवढ्यातून निघणारं डिझेल पुरायचं. घाटात किंवा हायवेला पाय दाबला की कमी पडायचं. गाडी थांबली की ओढ थांबायची, डिझेल झिरपत पुढं यायचं, आणि मी समजायचो इंजिन थंड झालं म्हणून चालू झालं. दीडशे रुपयांचा पाइप आणि अँगलला दोन इंच सरकवून नवीन भोकं, एवढंच काम.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण तुमचीही गाडी मूळ स्थितीत नाही. ज्यानं बेड, टाकी, इन्व्हर्टर बसवला त्याला सुतारकाम येत असेल, डिझेलची लाइन कुठून जाते हे माहीत असेलच असं नाही. पहिल्यांदा कंपनीनं दिलेलं नाही ते सगळं संशयानं बघा.

बंद कशी पडते, ते नीट आठवा. चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गप्प होत असेल तर ते बहुतेक डिझेल नाही, वायर आहे. तुमच्या पंपावर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असेल तर त्याची जोडणी हलवून बघा. दिव्यांसाठी कुणी तीच वायर मध्येच सोलून घेतलेली असते. धापा टाकत, ओढत-ओढत मरत असेल तर मात्र डिझेल कमी पडतंय किंवा लाइन एअर घेतेय.

डिझेल कमी पडत असेल तर सगळ्यात सोपी गोष्ट डिझेल टाकीच्या झाकणाची. पुढच्या वेळी बंद पडली की इतर काही न करता झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच लागली, तर टाकीचा श्वास कोंडलेला आहे. डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते. जुनं झाकण हरवलं म्हणून बाजारातून बिनभोकाचं कुलूपवालं झाकण आणून लावलेल्या गाड्या मी पाहिल्यात. कॅम्परमध्ये ब्रीदरचा, म्हणजे टाकीत हवा घेणारा, बारीक पाइप प्लायखाली चेंगरलेलाही असतो.

ते नसेल तर कॅनची परीक्षा करा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन भरून फीड पंपापेक्षा (टाकीतून डिझेल ओढून पुढं देणारा छोटा पंप) उंच बांधायचा, टाकीकडून येणारा पाइप काढून त्याऐवजी कॅनमधून नवीन पाइप जोडायचा, रिटर्नही (उरलेलं डिझेल परत आणणारा पाइप) कॅनमध्येच सोडायचा. हँड प्रायमर (हातानं दाबून डिझेल ओढायचा दट्ट्या) मारून लाइनमधली हवा काढायची आणि ज्या रस्त्यावर गाडी रडते त्याच रस्त्यावर न्यायची. हे फक्त डिझेलच्या गाडीत. पेट्रोलमध्ये असला उद्योग चुकूनही नको. शेगडीचा सिलिंडरही त्या दिवशी घरी ठेवा. कॅनवर गाडी नीट पळाली तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच, बाकी काही उघडायचं कारण नाही. कॅनवरही रडली तरच पुढं फीड पंप, मग मोठा पंप.

दोष मागं, टाकीकडच्या बाजूला निघाला तर तिथं तीन जागा. एक, टाकीतली जाळी. कॅम्पर महिनोन्महिने उभी असते, टाकी अर्धी, आत दमटपणाचं पाणी साचतं, गंज धरतो. चहाची पत्ती गाळणीला चिकटावी तसा गाळ ओढीनं जाळीला चिकटतो, इंजिन बंद झालं की सुटून खाली बसतो. तुमची लक्षणं याच्याशी फार जुळतात. खालच्या बोल्टमधून बाटलीभर डिझेल काढून रात्रभर ठेवा, तळाला काय बसतं ते दिसेल. दोन, टाकीत उतरणारी नळी. ती मध्येच चिरली असेल तर टाकी भरलेली असताना गाडी उत्तम, आणि डिझेल चिरेच्या खाली गेलं की हवा ओढायला लागते. काटा कुठं असताना त्रास होतो हे म्हणूनच लिहून ठेवा.

तिसरी जागा म्हणजे रबरी पाइप, क्लिपा आणि बँजो बोल्टाचे (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं तो बोल्ट) तांब्याचे वायसर. इथं बरेच मेस्त्री फसतात, कारण ते खाली थेंब शोधतात. फीड पंपाच्या मागं ओढ असते, दाब नसतो. त्यामुळे फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली सगळं कोरडं ठाक. सकाळी पहिल्यांदा लागायला फार वेळ सेल्फ मारावा लागतो का? तसं असेल तर रात्रीत डिझेल टाकीकडं उतरतंय. फीड पंपाच्या अलीकडं वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता घाला आणि बुडबुडे बघा. जोडल्यावर पहिली एक-दोन मिनिटं येणारच. नंतरही येत राहिले तर चोर सापडला. आणि फिल्टर बदलताना वायसर जुनेच लावले होते का, हेही विचारा.

उन्हाचं म्हणाल तर, डिझेलचा गॅस होऊन लाइन अडकते हे खरं नाही. ते जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीत होतं. डिझेल उकळायला दीडशे अंशांच्या पुढं जावं लागतं. आपल्याकडं मे महिना कितीही तापला तरी तिथवर जात नाही. पण जुना रबरी पाइप मात्र तापून मऊ पडतो आणि ओढीनं आतल्या आत बसतो. बाहेरून बोटानं दाबून कळत नाही. वीस वर्षांचा पाइप असेल तर तपासत बसू नका, डिझेलसाठीचाच नवीन घ्या आणि पूर्ण बदला.

एक सांभाळा: चालू इंजिनवर पंपाकडून नोजलकडं जाणाऱ्या बारीक नळ्यांना हात लावू नका. तिथली बारीक धार कातडीत घुसते.

पाण्याची टाकी तुमच्याकडं कुठं बसवलीय आणि त्रास होतो तेव्हा डिझेलचा काटा कुठं असतो, एवढं कळवा.