आजीच्या ओव्या ६१ टक्क्यांवर अडतात

प्रश्न : मे २००८ मधल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी आहेत. पहिलीत बांगड्या भरण्यापासून हळदीपर्यंतचं शूटिंग आहे. ती कॉम्प्युटरवर कॉपी करायला घेतली की दर वेळी ६१ टक्क्यांवर थांबते आणि ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ असा मेसेज येतो. चारदा करून पाहिलं. जात्यावर हळद दळताना आजीनं म्हटलेल्या ओव्या तिथंच आहेत. आजी आता नाही, तिचा आवाजही दुसरीकडे कुठे नाही. दुसऱ्या डिस्कची कॉपी एका दुकानातून करून आणली, ती कॉम्प्युटरवर दिसते पण घरच्या प्लेअरमध्ये ‘नो डिस्क’ येतं. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, कॉपी-पेस्ट पाचव्यांदा करू नका. त्या मेसेजचा अर्थ एवढाच, की ड्राइव्हनं एका जागी वाचलेला मजकूर पडताळणीत जुळला नाही. अशा वेळी विंडोज ती अख्खी फाइलच सोडून देतं. डीव्हीडीवर चित्र आणि आवाज ज्यांत असतो त्या व्हीओबी फाइली प्रत्येकी जवळजवळ १ जीबीपर्यंत असतात, म्हणजे पंधरा ते पंचवीस मिनिटांचं चित्रण. मोहरीएवढ्या डागापायी एवढं सगळं हातचं जातं. ओव्या बहुधा शाबूत आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत पोचायची वाट अडली आहे.

मी अकरा वर्षं लग्नांच्या शूटिंगचं मिक्सिंग केलं, म्हणून एक जागा आधी बघायला सांगतो. डीव्हीडी आतून बाहेर भरत जाते. डिस्क पूर्ण भरलेली असेल तर ६१ टक्के म्हणजे बाहेरच्या कडेपासून साधारण सव्वा सेंटिमीटर आत. ट्यूबलाइटखाली डिस्क तिरपी धरून तेवढाच पट्टा न्याहाळा. बोटाचा ठसा, हळदीचा डाग किंवा चरा दिसेल. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या जुन्या मऊ सुती कापडानं भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. डिस्कवर मजकूर गोल गोल रेघेत लिहिलेला असतो. त्या रेघेला आडवा चरा पडला तर ड्राइव्ह आजूबाजूच्या मजकुरावरून तेवढी जागा भरून काढतो, पण रेघेच्याच दिशेनं पडला तर सलग मजकूर झाकला जातो. टूथपेस्ट अजिबात लावू नका. त्या काळात आम्ही नवरा-नवरीच्या फोटोचं गोल स्टिकर डिस्कवर चिकटवायचो. तुमच्या डिस्कवर ते असेल तर ओढून काढू नका.

चरा कुठेच नसेल, पण तो पट्टा डागाळलेला दिसत असेल, तर आतला रंगाचा थर उतरलाय. लेसरनं ‘जाळलेल्या’ डिस्कमध्ये चित्र या थरातच असतं आणि ऊन, उष्णता त्याला मानवत नाही. तिथं पुसून उपयोग नाही.

दोन्ही बाबतींत पुढचा उपाय एकच. एखाद्या जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह मिळवा. लॅपटॉपचा पातळ ड्राइव्ह जिथं हात टेकतो, तिथं तो पुष्कळदा वाचतो. मग फाइली कॉपी करण्याऐवजी पूर्ण डिस्कची आयएसओ इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल, घ्या. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे मोफत साधन यासाठी मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागा नोंदवून ठेवतं आणि मग त्या जागांवर पुन्हा पुन्हा येतं. नोंदीची फाइल जपलीत तर उद्या दुसऱ्या ड्राइव्हवर काम तिथूनच पुढे चालू करता येतं. रात्रभर चालू द्या. शेवटी ओव्यांमध्ये क्षणभर चित्र फुटेल, पण आवाज हाती लागेल. इमेज पेन ड्राइव्हवर ठेवताना तो ‘फॅट ३२’ पद्धतीनं फॉरमॅट केलेला नसावा, कारण त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आता दुकानाची कॉपी. ती कॉम्प्युटरवर उघडून आत काय आहे ते पाहा. नुसती एमपी४ फाइल असेल तर जुन्या प्लेअरला ती कळत नाही. डीव्हीडीस्टाइलरसारख्या प्रोग्रॅमनं तिची रीतसर व्हिडिओ डीव्हीडी करावी लागेल. आयएसओ फाइल जशीच्या तशी पडलेली असेल, तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडा. ही सोय विंडोज ७ पासून आहे. आणि ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर व्यवस्थित दिसत असेल, तर दुकानदारानं डिस्क बहुधा फायनलाइज केलेली नाही, म्हणजे प्लेअरला वाचता यावी म्हणून ती शेवटी ‘बंद’ करायची पायरी राहून गेली आहे. बर्न करताना वेग ८ एक्सच्या वर नेऊ नका.

प्रश्न : ७०० एमबीच्या व्हीसीडीवर ७८० एमबीची डॅट फाइल दिसते. ती दुसऱ्या ७०० च्या सीडीवर का मावत नाही? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : डेटा सीडीच्या प्रत्येक कप्प्यात तुमच्यासाठी २०४८ बाइट असतात, बाकीची बरीच जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडी ती राखीव जागाही चित्रासाठी वापरते आणि कप्प्यात २३२४ बाइट बसवते. तुम्ही डेटा सीडी म्हणून बर्न करताय, म्हणून मावत नाही. प्रोग्रॅममध्ये ‘व्हिडिओ सीडी’ किंवा सरळ ‘कॉपी डिस्क’ निवडा. चुका दुरुस्त करणारा तो थर नसल्यामुळे व्हीसीडी चऱ्यांना लवकर बळी पडते, तेव्हा ही कॉपी याच आठवड्यात करा.