चंद्राची माती आणि आपली काळी माती

प्रश्न : शंभर किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या यानाला खाली कोणतं खनिज आहे हे कसं कळतं? (शिक्षिका, अंबाजोगाई)

उत्तर : चंद्रावरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशातला काही भाग खनिजांनी शोषलेला असतो. बहुतेकदा तो शोषतं स्फटिकातलं लोह. पायरॉक्सीन या खनिजाच्या परावर्तित प्रकाशाच्या आलेखात, म्हणजे वर्णपटात, १ आणि २ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीजवळ असे दोन खड्डे पडतात. ऑलिव्हिनचा १.०५ जवळ एकच रुंद खड्डा असतो, २ जवळ काहीच नसतं. प्लेजिओक्लेजचा १.२५ जवळ. टीव्हीच्या रिमोटचा प्रकाश साधारण ०.९४ मायक्रॉनचा, म्हणजे याच पट्ट्यातला. डोळ्यांना तो दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो. वर्गात मुलांना जरूर दाखवा.

प्रश्न : वेरूळच्या लेण्यांचा दगड बसाल्ट, चंद्रावरच्या काळ्या डागांचाही बसाल्टच. मग तिथं आमच्यासारखी काळी माती का नाही? (शेतकरी, परभणी)

उत्तर : फार नेमका प्रश्न विचारलात. मूळ खनिजं दोन्हीकडे तीच, पायरॉक्सीन आणि प्लेजिओक्लेज. आपल्याकडे पावसापाण्यानं ती कुजून चिकणमातीची खनिजं झाली, मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या थरांत पाणी शिरतं, म्हणून रान पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात भेगाळतं. तेच पाणी वर्णपटात १.४ आणि १.९ मायक्रॉनला उमटतं. कमी कॅल्शियमचं पायरॉक्सीनही १.९ जवळच शोषतं, पण त्याचा खड्डा पसरट असतो, मातीतल्या पाण्याचा अरुंद आणि टोकदार. नुसता आकडा पाहून निष्कर्ष काढू नये, तो यासाठी. अपोलो यानांनी आणलेल्या ३८२ किलो नमुन्यांत अशी काळी माती नाही. तिथला दगड उल्कांच्या माऱ्यानं भुगा झालेला आहे. शिवाय सूक्ष्म उल्का आणि सौरवारा (सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत) यांमुळे मातीच्या कणांवर लोहाचे अतिसूक्ष्म कण असलेला थर चढतो, माती काळवंडते आणि वर्णपटातले खड्डे उथळ होतात. खनिज स्पष्ट वाचायचं तर ताज्या विवरांच्या कडा पाहाव्या लागतात.

प्रश्न : मग चांद्रयान-१ ला सापडलेलं पाणी कोणतं? (विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : २००९ मध्ये जाहीर झालेली ती खूण २.८ ते ३ मायक्रॉनची, मातीच्या वरच्या थरातल्या हायड्रॉक्सिलची (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीची) किंवा पाण्याच्या रेणूंची. वाहतं पाणी नव्हे. मात्र ३ मायक्रॉनच्या आसपास तापलेल्या जमिनीची स्वतःची उष्णताही मिसळते आणि चांद्रयान-१ वरच्या उपकरणाची मर्यादाच ३ मायक्रॉन होती. चांद्रयान-२ चं उपकरण ५ मायक्रॉनपर्यंत पाहतं, त्यामुळे उष्णतेचा वाटा वजा करणं सोपं जातं.